होयबाचं पहिलं ‘नाही’

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक सलून आहे. त्याच्या मालकाला सगळे होयबा म्हणतात. त्या नावाने हाक मारली तरी तो ‘हो’ म्हणतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. खुर्चीत बसलेला माणूस बोलेल ते खरं, हा त्याच्या धंद्याचा नियम. माणसाच्या गळ्यावर वस्तरा धरून वाद घालू नये, हे त्याला त्याच्या वडिलांनी शिकवलं. त्यात मला तरी चूक काढता येत नाही, कारण दिवसाआड गळा माझाच असतो.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पाणीपुरवठा खात्यात नोकरीला. त्या राहतात दुसऱ्या मजल्यावर आणि होयबा राहतो सलूनच्या मागच्या खोलीत. असं का, यावर इमारतीत तीन मतं आहेत, त्यातली दोन माझी. पण खरं ते माझ्या बायकोला कळलं. होयबाची बहीण एकदा राहायला आली होती. ती म्हणाली, वहिनीचं घरात लक्ष नाही. होयबा म्हणाला, खरंय. रात्री वहिनी म्हणाल्या, तुमची बहीण नको तिथे नाक खुपसते. होयबा म्हणाला, तेही खरंय. वहिनींनी विचारलं, “तुमचं स्वतःचं काही मत आहे का?” तर म्हणे, “तू म्हणशील ते.” दुसऱ्या दिवशी त्याची गादी खाली आली. त्याला आता बरीच वर्षं झाली. काडीमोड नाही, आरडाओरडा नाही. वहिनी म्हणतात, “भांडायला दोन माणसं लागतात, आमच्या घरात दीडच आहे.”

तर एका वर्षी विम्याचा विषय निघाला. सरकारी नोकरांना जो आरोग्य विमा मिळतो तो सगळ्यांना द्यायचा, अशी चर्चा सुरू झाली. आता चर्चा म्हटली की ती आधी सलूनमध्ये होते. कोपऱ्यावरचा औषधवाला खुर्चीत बसून म्हणाला, “फुकट झालं की शिंक आली तरी माणूस दवाखान्यात. रांगा वाढतील.” होयबा म्हणाला, “वाढतीलच.” त्याच्यानंतर निवृत्त मास्तर बसले. “तिजोरी रिकामी होईल,” ते म्हणाले. “खडखडाट,” होयबा म्हणाला. मग कारखान्यातला फिटर आला. त्याचं म्हणणं, आजार काय पगाराची पावती बघून येतो का? होयबा म्हणाला, “छे, तो कसली बघतो.”

मग माझा नंबर आला. अर्ध्या तोंडाला फेस होता. मी म्हटलं, “माझं म्हणशील तर सगळ्यांना मिळालाच पाहिजे. काय?”

वस्तरा थांबला.

“नको,” होयबा म्हणाला.

“काय नको? फेस?”

“विमा. सगळ्यांना नको.”

एवढं बोलून त्याने झालेल्याच गालावरून पुन्हा वस्तरा फिरवला. मी न झालेला गाल पुढे केला. पण घरी गेल्यावर जेवण गोड लागेना. या माणसाच्या हृदयात दोन स्टेंट बसवलेत. ते बसले बायकोच्या विम्यावर. उद्या तिने विम्यातून नाव काढलं तर हा उघड्यावर पडेल. मग स्वतःचं विम्याचं कार्ड मिळत असताना नको का म्हणतो? मी चौकस माणूस आहे. बायको याला भोचक म्हणते, पण शब्दांवरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही.

उत्तर मिळालं ते गुडघ्यामुळे. गुडघ्याच्या डॉक्टरने आधी हृदय तपासून ये म्हणून मोठ्या इस्पितळात पाठवलं, तर पुढच्या बाकावर होयबा आणि वहिनी. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मी लगेच वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं होतं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

खिडकीतल्या बाईने विचारलं, “मुख्य सदस्य कोण?”

“मी,” वहिनी म्हणाल्या आणि सही केली.

“अवलंबित?”

होयबाने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. “मी. यांचा अवलंबित.”

सदस्याने दर वेळी समोर येऊन सही करायची, असा त्या विम्याचा नियम. म्हणून दर तपासणीला वहिनी रजा टाकून येतात. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, “मीठ कमी केलं?”

“केलं.”

“खोटं.”

“हो, खोटं.”

वहिनींनी कपाळाला हात लावला. मग वाट बघता बघता त्यांना डुलकी लागली. डोकं आधी भिंतीला टेकलं, मग हळूहळू घसरत होयबाच्या खांद्यावर आलं. तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं. होयबा हलला नाही. परत पुकारलं. त्याने तोंडाने काही न बोलता हातानेच खूण केली, पुढच्याला घ्या.

पुढचा मी होतो. आत जावंसं वाटेना, पण डॉक्टर थांबत नाहीत.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या मी विषय काढला. “अवलंबितसाहेब, नंबर चुकवलात म्हणे.”

तो कानापर्यंत लाल झाला. दुकानात दुसरं कोणी नाही हे बघून म्हणाला, “तीन महिन्यांनी एकदा येते. सही लागते म्हणून येते. माझं कार्ड झालं की सही माझी. मग ती कशाला येईल?”

“नुसतं ये म्हण की.”

“आणि विचारलं कशाला, तर काय सांगू? आपल्याला नाही जमत असलं.”

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर आहे, तेव्हा मला किती त्रास झाला असेल याची कल्पना करा.

महिन्याभराने शाळेच्या हॉलमध्ये विम्यावर सभा झाली. आमच्या भागातून निवडून गेलेले गृहस्थ म्हणाले, तुम्ही हात वर करून सांगा, मी वर तेच बोलेन. आधी कोणाला बोलायचंय? आणि होयबा उभा राहिला. हॉलमध्ये अर्ध्या लोकांच्या माना त्याच्या हाताखालून गेलेल्या.

“माझा विरोध आहे,” तो म्हणाला.

पुढच्या रांगेत बसलेल्या वहिनी वळल्या. “का?”

“रांगा वाढतील.”

“ते औषधवाल्याचं मत झालं. तुमचं सांगा.”

“तिजोरी…”

“ते मास्तरांचं.”

लोक हसले. तेव्हा मागून सुतार बोलला. हा आमच्याच गल्लीतला, स्वतःच्या हिमतीवर काम करणारा, त्यामुळे कोणाच्याच कार्डावर नाही. त्याच्या बायकोच्या पित्ताशयात खडे, आणि ऑपरेशन सारखं पुढे ढकललेलं.

“दुखायला लागलं की ती पोटाशी उशी धरून बसते,” सुतार म्हणाला. “मी कामावरून आलो की उशी मागे लपवते आणि म्हणते, आज कमी आहे. तुझं बरंय रे बाबा, तुला कार्डवाली बायको आहे. माझ्या बायकोला नुसता नवराच मिळाला.”

यावरही हसू यायला हवं होतं. कोणी हसलं नाही. होयबा खाली बसला.

मग हात वर करायची वेळ आली. विमा सगळ्यांना हवा म्हणणाऱ्यांत मी हात वर केला आणि मान वळवून होयबाकडे बघत राहिलो. त्याने आधी सुताराकडे पाहिलं, मग वहिनींच्या पाठीकडे. आणि हात वर केला, अगदी सरळ.

वहिनींनी वळून पाहिलंच. “आत्ता तर विरोध होता ना?”

“तो माझ्या सोयीचा होता.”

“कसली सोय?”

“ती इथे नाही सांगता येत.”

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. पाण्याचा मीटर नेहमीसारखा फिरत नसला की त्या अशाच बघत असाव्यात.

पुढे विमा मंजूर झाला. रांगा वाढल्या, हे औषधवाला आजही ऐकवतो आणि ते खोटं नाही. सुताराच्या बायकोचं ऑपरेशन झालं. सगळ्यांची कार्डं आली, होयबाचंही आलं. कार्ड आल्यापासून दाढी करताना तो गप्प असायचा. मी मुद्दाम काहीबाही बोलायचो, तर ‘हो’सुद्धा अर्धाच यायचा.

एका संध्याकाळी तो जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेला. मी तेव्हा जिन्यातला बल्ब बदलत होतो. बल्ब चांगला होता, पण खबरदारी घेतलेली बरी.

वहिनींनी दार उघडलं.

“उद्या तपासणी आहे,” होयबा म्हणाला.

“तुमचं कार्ड आलं ना?”

“आलं.”

“मग सही कोणाची लागते?”

“माझीच.”

“मग मला कशाला सांगताय?”

“बरोबर आहे,” होयबा म्हणाला आणि दोन पायऱ्या उतरलासुद्धा. माझ्या हातातून बल्ब निसटणार होता. पण तो थांबला आणि परत वर गेला.

“तू यावंस, असं माझं मत आहे.”

“कोणाचं?”

“माझं.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तरी मत तेच राहील.”

वहिनींनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, “पहिल्या बसला गर्दी असते, दुसरीने जाऊ. आणि तो निळा शर्ट घालू नका, त्याची कॉलर गेलीये.”

“मला निळाच आवडतो.”

“विटलाय तो.”

“विटला तर विटला.”

दार लागलं. आतून आवाज आला तो हसण्याचा की भांडं पडल्याचा, ते मला शिडीवरून नीट कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सलून बंद होतं आणि मी गॅलरीत उभा होतो. दोघं बसस्टॉपपर्यंत भांडत गेली. शर्ट निळा होता.