बोटीला बाभळीची फळी

माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वीस वर्षं खोटारडा ठरवलं होतं. भांडण शेताचं नव्हतं की वाटणीचं नव्हतं. हे नौदलात लागले, पहिल्या सुट्टीला गावी आले आणि ओसरीवर बसून मोठ्या ऐटीत सांगून गेले, की शिडाची बोट वाऱ्याच्या विरुद्धही जाते. सासरे सुतार. जन्मभर गाड्यांची चाकं, तिफणी, वखर करत आलेले. त्यांनी हातातला रंधा थांबवला आणि विचारलं, "वाऱ्याकडं तोंड करून कुनी उफणतंय का बे?"

झालं. त्यानंतर हे काहीही सांगायला लागले, बढती मिळणार आहे म्हणा, समुद्रात मासे उडतात म्हणा, सासरे शांतपणे विचारायचे, "वाऱ्याविरुद्ध का?" आणि ह्यांचा चेहरा पडायचा. पुढे ह्यांच्या मिशा पिकल्या, पण तो पडणारा चेहरा मात्र तसाच राहिला.

खरं तर म्हाताऱ्याचा राग वेगळाच होता. एकुलता एक मुलगा रंधा टाकून पाण्यावर पळाला, हा तो राग. पण ते तोंडाने बोलायचं कसं, म्हणून वारा. मी केजची. तहसील कचेरीच्या गावात वाढल्यामुळे आपण फार शहाण्या आहोत असं मला वाटायचं, आणि मनातून मीही सासऱ्यांच्याच बाजूची होते. वाऱ्याविरुद्ध बोट कशी जाईल?

पेन्शन घेऊन आम्ही गावी परतलो ते नेमके दुष्काळाच्या वर्षी. लोक टँकरची वाट बघत होते आणि आमच्या ह्यांनी बोट आणली. कुठल्याशा खाडीकाठच्या क्लबाने मोडीत काढलेली, दोन माणसांची, शिडाची. ट्रकवर घालून आणली. मांजरसुंब्याला धाब्यावर चहाला थांबलो तर एक गृहस्थ बोटीभोवती दोन फेऱ्या मारून माझ्याजवळ आले.

"ताई, गव्हाण लई भारी हाय. कोन्या छावनीला चालली?"

त्या वर्षी जागोजाग जनावरांच्या छावण्या होत्या, त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, "आमच्याच घरच्या." हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

बोट कशाला, हे मी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. चाळिशी ओलांडलेल्या ह्या माणसाला बापाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की तू खरं बोलत होतास. एवढंच. त्यासाठी हा डोलारा.

आमच्या गावाशेजारी धरणाचं पाणी आहे. त्या वर्षी ते निम्म्याहून खाली गेलेलं आणि रोज मागे सरकणारं. तिथे मासे धरायचा ठेका मच्छीमार सोसायटीचा. ह्यांनी सोसायटीच्या चेअरमनला भेटून परवानगी काढली आणि एका दुपारी बोट पाण्यात घातली. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. उरलेल्या अर्ध्याला करमणूक नव्हती, त्यामुळे झाडून सगळे काठावर. सासरेही आले, पण मी काही मुद्दाम आलो नाही असं दाखवत, लांब दगडावर बसले.

आता त्या फळीबद्दल सांगायला हवं. असल्या बोटीच्या पोटात मधोमध एक अरुंद पेटी असते, खाली उघडी. त्या पेटीतून एक फळी बोल्टवर फिरून खाली पाण्यात उतरते. ही मधली फळी पाणी धरून ठेवते, म्हणून बोट आडवी घसरत नाही आणि वारा तिरका कापत पुढे जाते. काठ जवळ आला की दोरी ओढायची, फळी पुन्हा पेटीत. हे मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

ह्यांच्या बोटीची फळी जुन्या प्लायवूडची होती आणि खारी बिस्किटासारखे तिचे पापुद्रे सुटले होते. ह्यांनी त्यावर रंग मारला होता. रंग मारून भागतं असं नौदलात शिकवतात की काय, कोण जाणे. मध्यावर गेल्यावर फळी कडकन मोडली. मग बोट जी आडवी घसरत निघाली ती सोसायटीची दोन जाळी पोटाखाली घेऊन थेट समोरच्या काठाला लागली. हे जाळी खांद्यावर टाकून सगळ्या पाण्याला वळसा घालून चालत आले, तोवर ऊन उतरलं होतं. कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांचं हसून झालं होतं. सासरे दगडावरून उठले, धोतर झटकलं आणि जाता जाता म्हणाले, "वाऱ्याबरुबर तर पत्रावळ बी जाती."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पोरांनी बोट ओढून अलीकडच्या काठाला आणली आणि सोसायटीची सभा भरली. जाळ्यांचा विषय निघाला, शीड बघून मासे बुजतात असा एकाने दाखला दिला, आणि शेवटी ठराव झाला: येत्या रविवारी सभासदांसमक्ष बोट वाऱ्याविरुद्ध चालवून दाखवावी, त्यानंतर सोमवारी ती पाण्याबाहेर काढावी. सूचक, अनुमोदक, सह्या, शिक्का. वाऱ्याविरुद्ध जाण्याचा ठराव करणारी दुसरी सोसायटी कुठे असेल असं मला वाटत नाही.

पाच दिवस हातात. हे बीडला जाऊन आले, पण पाण्यात टिकणारं प्लायवूड दुष्काळात कोण ठेवणार? रिकाम्या हातांनी परतले आणि पायरीवर बसून राहिले. तेव्हा सासरे उठले. मोडक्या फळीचा राहिलेला तुकडा त्यांनी वितीने मोजला, बोटीजवळ जाऊन पेटीच्या फटीत काडी घालून रुंदी घेतली, आणि छपराच्या आढ्यावरून एक बाभळीची फळी खाली काढली. चांगली मुरलेली, गर्द. लोखंडी अवजारं आली तशी त्यांच्याकडे कोणी तिफण करायला टाकत नव्हतं, म्हणून ती कितीतरी वर्षं वरच पडून होती.

"मामा, बोटीची फळी करता?" मी विचारलं.

"सोसायटीत हसं नको," ते म्हणाले. "वाऱ्याचं मला काय सांगू नको."

तीन दिवस अंगणात वाकस आणि रंधा चालला. त्यांची पाठ पुन्हा सरळ झाल्यासारखी दिसत होती, जेवायला दोन हाका माराव्या लागत होत्या. हे समोर बसून बघत. बापलेकात वीस वर्षांत एवढं बोलणं झालं नसेल. शेवटच्या दिवशी हे म्हणाले, "आबा, जरा ढिली ठेवा. दोन्ही अंगांनी फट पायजे."

सासऱ्यांनी मान वर केली. "ढिली?"

"लाकूड पान्यात फुगतं, आबा."

"फुगायलाच पायजे. चाकाचा आरा ढिला झाला तर आमी गाडी नदीत उभी करतो. लाकूड पानी पितं, सांधा घट्ट बसतो. चाळीस वर्षं हेच केलं म्या. ढिलं काम ह्या घरातून बाहेर गेलं न्हाई."

आमच्या भागातल्या सुताराला पाण्याचं काम एवढंच ठाऊक: उन्हाने खुळखुळणारा सांधा आवळणं. सरकायची म्हणून केलेली वस्तू त्यांच्या हातून कधी गेलीच नव्हती. मला हे लगेच कळलं नाही, पण ह्यांना पुरतं कळलं. रात्रभर पाण्यात राहिल्यावर ही फळी खाली-वर हलायची नाही, हे त्यांनी रात्री मला सांगितलं. मी म्हटलं, मामा झोपले की थोडी तासून घ्या, त्यांना काय समजणार आहे.

"आबांच्या रंध्यावर रंधा मारू?" हे म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

मला राग आला. वीस वर्षं ज्याच्यासाठी झुरले तेच हातचं घालवत होते, तेही बापाच्या रंध्याचा मान राखायला. पण खरं सांगते, रागाबरोबरच मला तो माणूस त्या वेळी फार आवडला.

शनिवारी फळी बसवली. बोट छातीएवढ्या पाण्यात नेली, लाकडी हातोडीच्या दोन टोल्यांनी फळी खाली गेली. सासऱ्यांनी काठावरून फर्मावलं, "रातभर खालीच ऱ्हाऊ द्या. पानी पिऊन बसती जागेवर." बोट सोसायटीच्या थर्माकोलच्या तराफ्याजवळ बांधून आम्ही घरी आलो.

रविवारी सगळे जमले. चेअरमन म्हणाले, "ह्याच्या बोलन्यावर काय भरवसा? म्हाताऱ्याला संगं बसवा. ते म्हनले गेली, तर गेली." सासरे नको नको म्हणत होते, पण फळी कशी बसली ते त्यांना बघायचंच होतं. तराफ्यावरून त्यांना बोटीत चढवलं. दोन्ही हातांनी काठ धरून, धोतर गुडघ्यावर घेऊन ते असे बसले की जणू कोणी त्यांना धरून नेतंय.

वारा धरणाच्या भिंतीकडून येत होता. जायचं भिंतीकडेच. शीड फुगलं, बोट एका बाजूला कलली, आणि निघाली. आधी डावीकडे तिरकी, मग वळून उजवीकडे तिरकी. काठावर लगेच तंटा. एक म्हणे, "हा तर वाकडा चाललाय, वाकडं न्हाई चालायचं." दुसरा म्हणे, "ठरावात सरळ असं कुठं लिवलंय?" तोवर बोट लहान लहान होत गेली आणि शेवटी भिंतीशी पोचली. सासऱ्यांनी हात लांबवून भिंतीचा दगड शिवलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. वाऱ्याने माझा पदर मागे उडत होता आणि बोट त्याच वाऱ्याच्या तोंडाशी उभी होती. माझं शहाणपण त्या दिवशी धरणात बुडालं.

येताना सोपं होतं, वारा पाठीशी. ह्यांना हुरूप आला, फळीचं भानच राहिलं नाही. "आबा, तुमचं धोतर भिजू देत न्हाई, थेट काठाला लावतो." आणि काठ पन्नास-साठ पावलांवर असताना ह्यांनी दोरी ओढली. फळी जागची हलली नाही. पुन्हा ओढली तर दोरी तुटली. पुढच्या क्षणी फळी गाळात रुतली आणि बोट खुंट्याला बांधल्यासारखी थांबली.

"काय झालं?" सासरे.

"फळी वर येईना, आबा."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते इतक्या मोठ्याने म्हणाले की काठावर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "कशी येईल? घट्ट बसलीया!"

चेअरमननी तराफा पाठवून दोघांना काढलं. बोट तिथेच राहिली. खालून ढकलून झाली, वरून ठोकून झाली, फळी ऐकेना. चेअरमननी सासऱ्यांना विचारलं, "बोला, गेली का वाऱ्याविरुद्ध?" सासरे म्हणाले, "फळी चांगली झाली," आणि घराकडे चालू लागले.

घरी आले, भाकरी खाल्ली, झोपले. दुसऱ्या दिवशीही वाऱ्याचा विषय काढला नाही. हे त्यांच्या मागेपुढे करत होते. पाण्याचा तांब्या नेऊन दे, पंखा त्यांच्याकडे फिरव. मी सुरुवातीला चिडवलं, नंतर चिडवणं सोडून दिलं, कारण ते बघवत नव्हतं.

सोसायटीचा माणूस ठरावाची नक्कल घेऊन आला: बोट पाण्याबाहेर पाहिजे. हे म्हणाले, "थोडे दिवस थांबा. पानीच बोटीबाहेर चाललंय." आणि तसंच झालं. पाणी सरकत गेलं, गाळ वाळला, त्याला भेगा पडल्या, आणि कोरड्या तळ्यात बोट एका कुशीवर कलून पडली.

ऊसतोडीचे लोक परतू लागले त्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी सासरे घरात नव्हते आणि रंधाही जागेवर नव्हता. मी भाकरी बांधून घेतली, आम्ही दोघं तळ्याकडे गेलो. बोटीच्या सावलीत सासरे बसले होते, मांडीवर ती फळी. कोरडी पडल्यावर ती आपोआप सैल झाली होती आणि बोल्ट काढताच निघाली होती. शेजारी एक मेंढपाळ उभा होता. दोघांचीही आमच्याकडे पाठ होती. वारा त्यांच्याकडून येत होता, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, पानी न्हाई, अन् हे कावून करायलात?"

"पोराची बोट हाय. वाऱ्याविरुद्ध जाती."

"काय बी सांगता!"

"म्या बसून आलोय," सासरे ओरडलेच त्याच्यावर. "खोटं न्हाई बोलत तो. फळी ढिली लागती असं बी म्हनलं व्हतं त्यानं. म्याच ऐकलं न्हाई."

हे जागच्या जागी उभे राहिले. मेंढपाळ मान हलवत मेंढरांमागे गेला आणि सासऱ्यांना आमची चाहूल लागली. त्यांनी वळून बघितलं. आम्ही ऐकलं हे त्यांच्या ध्यानात आलं असणार, पण तसं त्यांनी दाखवलं नाही. त्यांनी फळी उलटी केली आणि रंधा ह्यांच्यापुढे धरला.

"ही बाजू तू मार," ते म्हणाले. "किती ढिली पायजे ते तुलाच ठावं."

हे मांडी घालून बसले. नौदलात गेल्यापासून त्यांनी रंधा हातात धरला नव्हता, पहिलाच हात वाकडा गेला. सासऱ्यांनी काही न बोलता त्यांच्या हातावर हात ठेवला आणि रंधा सरळ केला. मी भाकरीचं गाठोडं सोडायला लागले, पण मला गाठ दिसेना.