सिस्टर आमचा संसार बघायला आली

उधन्यात आमच्या गल्लीमागं चर्चच्या सिस्टरांचं पाळणाघर आहे. तिथली एक तरुण सिस्टर आमच्या घरी दिवसभर राहून संसार बघणार, असं मोठ्या सिस्टरनी सांगितलं तेव्हा माझ्या कडेवरची पोरगी जवळजवळ सुटलीच. म्हटलं, आमचा? आमच्या संसारात बघण्यासारखं काय आहे, एक खोली, एक मोरी अन् सासू.

ती अजून पक्की सिस्टर नव्हती. वसईकडची, माझ्याच वयाची, साधा पंजाबी ड्रेस घालायची. पुढच्या महिन्यात तिला ठरवायचं होतं. हो म्हटलं तर चर्चमध्ये सगळ्यांसमोर शपथ घ्यायची, की लग्न नाही, स्वतःचा पैसा नाही, अन् वरचे सांगतील ते ऐकायचं. नाही म्हटलं तर बॅग उचलून घरी, तिथं आई स्थळं घेऊन बसलेलीच. मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या, "जे सोडायचं ते आधी जवळून बघ, मग सोड."

माझा जीव इथंच अडकला. पाळणाघरात माझी पोरगी या तरुण सिस्टरच्याच हातानं जेवायची. दुसऱ्या कुणी चमचा धरला की ओठ घट्ट मिटून घ्यायची, मग देव आला तरी उघडायची नाही. सिस्टर वसईला गेली तर पोरगी उपाशी, मग मी साड्यांचे धागे कापायचं काम सोडून घरी, अन् सासू म्हणणार, बघ, मी सांगत होते. म्हणजे सिस्टरनं हो म्हणायलाच पाहिजे होतं. म्हणजे आमचा संसार तिला वाईट दिसायला पाहिजे होता. मी म्हटलं, त्यात काय, आहे तसा दाखवला की झालं.

पण रविवारी बघते तर नवरा सकाळीच दाढी करून तयार. माझा नवरा कापडाच्या लूमवर कामाला जातो, घरी आला की पाण्याचा पेलासुद्धा त्याला हातात लागतो. सिस्टर चर्चमधून आली, चटईवर बसली, तसा हा उठला अन् मला म्हणतो, "तू बस गं, चहा मी टाकतो."

मला वाटलं याला ताप आला. साखर कुठं असते ते त्याला माहीत नाही, पण विचारायची लाज, म्हणून हसत हसत एकेक डबा उघडत होता. सिस्टरला अन् सासूला दोन कप दिले, मला विसरला.

सिस्टरनं विचारलं, "दादा, तुम्ही रोज चहा करता?"

"मग! रोज म्हणजे, दोनदा."

सासू लगेच पुढं सरकली. "मना पोऱ्या भलता गुनी शे. अन् हाई सून नाही व माय, हाई मनी लेक शे."

लेक म्हटल्यावर मी मागं वळून बघितलं, नणंद आली की काय.

मग मीच भांडण लावायला गेले. म्हटलं, "परवा भाजीत मीठ जास्त झालं तर केवढे ओरडलात तुम्ही!" हा माणूस मान खाली घालून म्हणतो, "चूक माझीच होती. माझी जीभच खराब." दुपारी पहिली भाकर माझ्या ताटात, वर तूप. रोज दुपारी गल्ली डोक्यावर घेणारी पोरगीसुद्धा फितूर झाली, गपचूप झोपली. संध्याकाळी नवरा मोरीत भांडी घासायला बसला तेव्हा शेजारीण दारात येऊन उभीच राहिली. सासूला हळूच म्हणाली, "काय व माय, तब्येत बरी शे ना त्यानी?"

सिस्टरला सोडायला मी तिच्याबरोबर निघाले. म्हटलं संपलं, आता ही लग्न करणार. पाळणाघराच्या पायऱ्यांवर मला राहवलं नाही, एका दमात सगळं बाहेर पडलं, की सिस्टर, हे सगळं खोटं हो, या माणसाला घरात चमचा कुठं असतो ते माहीत नाही, अन् ती सासू, अन् ते तूप तर मी पहिल्यांदा बघितलं.

सिस्टर हसून हसून पायरीवरच बसली. "ताई, मला कळलं होतं. चहात मीठ होतं."

"अन् तुम्ही प्यायलात?"

"पूर्ण. दादा एवढ्या हौसेनं बघत होते." हसू आवरून ती म्हणाली, "तुम्हाला सांगू? घरी माझे वडील फार ओरडायचे. मला लग्नाची भीतीच बसली होती. सारखं वाटायचं, मी देवासाठी आले की नुसती पळून आले? आज तुमच्याकडं भीती नाही वाटली, छान वाटलं. अन् तरी संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली तसा माझा जीव इकडंच ओढत होता. म्हणजे मी पळून नाही आले."

"मग हो?"

"हो."

मी तिला मिठीच मारली. म्हटलं, "म्हणजे तुम्ही इथंच राहणार!"

"ते वरचे ठरवतील. पाठवतील तिथं जायचं."

"म्हणजे हे सासरच की हो!"

"सासरच. पण मी पसंत केलेलं."

शपथेच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. सासूला वाटलं लग्नच आहे, म्हणून तिनं आहेराला स्टीलचा डबा घेतला. तो सिस्टरच्या हातातून थेट सगळ्यांच्या स्वयंपाकघरात गेला, तशी सासू घरी येईपर्यंत मागं वळून वळून बघत होती.

अन् वरच्यांनी तिला डांगला पाठवलं, डोंगरात, दवाखान्यावर. मी रडून रडून डोळे सुजवले. पोरीनं दोन दिवस तोंड मिटलं, मग मोठ्या सिस्टरच्या मांडीवर बसून वरणभात खायला लागली, अन् वर आणखी मागायला लागली. मी रडत होते ते कुणासाठी, तेच मला कळेना.

परवा तिचा फोन आला. आवाज बारीक. म्हणाली, "ताई, इथं जीपला लोक लटकून जातात, अन् मलापण त्यातच जायचं असतं. मला फार भीती वाटते. काय करू?"

मला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं. मी ताठ बसले अन् म्हटलं, "मधल्या सीटवर बसायचं, समोरच्या बाईचा पदर धरायचा अन् डोळे मिटायचे. कामावरच्या लिफ्टमध्ये मी तसंच करते."

"अन् बाईनं पदर सोडवला तर?"

"दुसरीचा धरायचा," मी म्हटलं.