रुमालाखालचा भाव

दर्शना मिरच्या विकते, आणि स्वभाव मालाला शोभेल असाच आहे. भांडुपच्या बाजारात तिची जागा माझ्या शेजारी. तिच्याजवळ बसून माझाही आवाज चढलाय, असं घरचे म्हणतात.

मिरची आम्ही दोघी, बाजारातल्या इतर बायकांसारख्याच, सकाळी जवळच्या ठोक आवारातून उचलतो. तिथे भाव अजून जुन्या पद्धतीने ठरतो. घेणारा आणि आडत्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा करतात. हात झटकला की सौदा मोडला. ही बोटांची भाषा आम्हा सगळ्यांना येते, त्यात कसली आलीय विद्या. पण परक्या बाईचा हात कसा धरायचा, म्हणून बायकांशी सौदा नाही. आमच्या वतीने गुणाजी नावाचा एक टेम्पोवाला व्यापारी हात द्यायचा. आत काय ठरलं ते तो सांगेल ते खरं, आणि चांगल्या गोण्या आधी त्याच्या टेम्पोत. उरलेल्या आमच्या.

दिवाळीच्या तोंडावर मुलुंडच्या पोळी-भाजी केंद्राने दर्शनाला बजावलं, मिरची अशीच काळी पडलेली येणार असेल तर आम्ही दुसरीकडून घेऊ. तिचा निम्मा धंदा त्या एका केंद्रावर चालतो. दर्शना रडली नाही, पण दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडली.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला आणलं. कुंडलिक मरोळच्या कारखान्यात काम करतो. धडधडत्या यंत्रात बिनधास्त हात घालणारा माणूस, पण गुदगुल्यांना फार भितो. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला एवढं ठाऊक असायला हवं होतं. आडत्या भाऊरावांनी रुमालाखाली त्याचा तळवा दाबला आणि हा फिसकन हसून हात झटकून मोकळा. सौदा मोडला. पुन्हा हात दिला, पुन्हा तेच. अख्खं आवार पोट धरून हसत होतं.

"अगं, खरंच गुदगुल्या होतात," कुंडलिक म्हणाला.

"तू घरी जा," दर्शना म्हणाली.

मग तिने पदर खोचला आणि स्वतःचा हात पुढे केला. भाऊराव दोन पावलं मागे सरले. माणूस वाईट नाही, कपाळाला गंध, बोलायला गोड.

"ताई, परक्या बाईचा हात मी कसा धरू? बरं दिसतं का ते?"

"भाऊराव, वहिनी बांगड्या कुठे भरतात?"

"स्टेशनजवळ, कासाराकडे. का गं?"

"तो लांबूनच भरतो?"

मागून कोणीतरी खिदळलं.

"कासाराने हात धरून बांगडी चढवली तर घरची अब्रू जात नाही, मग माझ्या मिरचीनेच काय घोडं मारलंय? घ्या हात. मी हसणार नाही."

भाऊरावांनी इकडेतिकडे पाहिलं, मग रुमाल टाकला. बोटं हलली. दर्शनाच्या कपाळावर आठी पडली, मग गेली. भाऊरावांनी हिरव्यागार मिरचीची गोणी तिच्याकडे सरकवली.

इथपर्यंत ठीक होतं. पण आत ठरलेला भाव बाहेर बोलायचा नाही, हा आवाराचा कायदा आहे, आणि दर्शनाला तो कोणी कधी सांगितलाच नव्हता. तिने रुमाल बाजूला केला आणि आम्हा बायकांकडे वळून, बाजारात ओरडते त्याच आवाजात, भाव जाहीर केला.

गुणाजी आम्हाला सांगायचा त्याहून तो किती कमी होता, हे प्रत्येकीने मनात पटकन ताडलं. आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघायला लागलो. गुणाजी टेम्पोचा टायर तपासायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मी पिशवी खाली ठेवली आणि भाऊरावांपुढे हात केला. माझ्यामागे बाकीच्यांची रांग लागली.

भाऊरावांनी रांगेकडे पाहिलं, रुमालाने घाम पुसला आणि तो खिशात घातला.

"राहू दे गं बायांनो," ते म्हणाले. "तोंडानेच सांगतो."