स्वतःच्या हातांनी बुडवलेली होडी

माझ्या नवऱ्याला धक्क्यावर सगळे 'इंजिन' म्हणतात. अर्धं आयुष्य त्याने दुसऱ्यांच्या फायबरच्या बोटींवर इंजिनं सांभाळली. त्या धडधडीत डावा कान गेला आणि आवाज वाढला. हा माणूस माझ्या कानात काही सांगायला लागला तर ते तीन घरं सोडून ऐकू जातं. तसा स्वभावाने गरीब, पण एकदा डोकं फिरलं की फिरलं. असंच एकदा फिरलं आणि मालकाच्या पुढ्यात पाना आपटून घरी आला. मालक मागून ओरडला, "पाय धरत परत येशील!"

"आता स्वतःची होडी," घरात शिरताच त्याने जाहीर केलं.

"हो का? आणि पैसे तुझ्या आजोबांनी पुरून ठेवलेत वाटतं!"

होतं नव्हतं तेवढं काढलं. तेवढ्या पैशांत फायबरची बोट तर सोडाच, तिचं सुकाणूसुद्धा आलं नसतं. शेवटी एक लहान लाकडी होडी सापडली, दोन उन्हाळे जमिनीवर पडून असलेली. विकणारा गोड बोलत होता, इतका गोड की मला तिथेच शंका आली. आमच्या याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी इंजिनवर तळहात ठेवला. थंड होतं. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आत चालवून गरम करून ठेवलेलं नव्हतं. मग चालू केलं. ते एका झटक्यात सुरू झालं आणि याचा चेहरा असा खुलला की मी मनात म्हटलं, झालं, आता काही खरं नाही.

"अरे, फळ्यांच्या फटीत माझं बोट जातंय!"

"फटी काय, भरता येतात. इंजिन बघ, इंजिन!"

खरं सांगते, त्याने इंजिनच विकत घेतलं. होडी सोबत आली.

मग तो फटी भरत बसला. फायबरच्या बोटींना लावतात तोच मसाला, दोन डब्यांतला, मिसळून वाळला की दगड. एकेक फट दाबून दाबून भरली, घासली, वर निळा रंग दिला. होडी पाण्यात सोडली तर आत थेंब नाही! लोक पाठ थोपटून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा समुद्रात जायचं ठरलं.

मला पोहता येत नाही. लग्न होऊन इथे आले, पण धक्क्याच्या पुढे कधी पाऊल टाकलं नाही. त्या दुपारी चहाचा थर्मास द्यायला गेले, तर याने हाताला धरून होडीत उतरवलंच. "बांधलेली आहे गं, पळून जात नाही." मी जीव मुठीत धरून फळीवर बसले, आणि खालून आवाज आला. कट्.

"काय वाजलं?"

"कुठे काय?"

"लाकडात. कट् झालं."

"इंजिन बंद आहे. वाजणार काय, डोंबल?"

पुन्हा आलाच आवाज. हा आपला दोरी सोडायला वाकलेला.

"आज जायचं नाही," मी म्हटलं.

"वेड लागलंय का? सगळे बघतायत. तिकडे मालक उभाय!"

"बघू दे. जायचंच असेल तर मला घेऊन जा." आणि मी फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. मला पोहता येत नाही. हे त्यालाही आठवलं असणार, कारण दोरी त्याच्या हातातच राहिली.

धक्क्यावर सुतारकाका होते. एकेकाळी होड्या बांधायचे, आता दारं-खिडक्या करतात. मी त्यांना हाक मारली. त्यांनी होडीत उतरून फटीवरून नख फिरवलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"फटीत काय भरलंस रे?"

याने अभिमानाने सांगितलं.

"अरे शहाण्या, लाकूड पाणी पितं, फुगतं. फटी असतात कशाला? फुगायला. तू जागाच ठेवली नाहीस. फळ्या आता आतल्या फासळ्या मोडतायत."

"मला तर काही ऐकू येत नाही," हा म्हणाला.

काकांनी त्याचा तळहात उचलून एका फासळीवर दाबून धरला. कट्. या वेळी मी आवाजाकडे लक्ष दिलं नाही, त्याच्या तोंडाकडे पाहत होते. ते पांढरंफटक पडलं. इतका राग आला होता मला त्याचा, पण त्या क्षणी तो कुठल्या कुठे गेला.

"आता?"

"मसाला सगळा काढायचा. कापूस सैल भरायचा. आणि बुडवायची. पाण्याखाली लाकूड हळूहळू फुगेल, फट मिटेल. मिटली तर."



इंजिन सोडवून धक्क्यावर ठेवलं, घरच्या चादरीत गुंडाळून. ओहोटीला होडी चिखलावर बसली तसे आम्ही तुटून पडलो. पुन्हा भरती यायच्या आत सगळं उरकायचं होतं. तो पटाशीने मसाला उकरत होता, काका मोडलेल्या फासळीला नवा तुकडा जोडत होते, मी कापसाचे पिळे देत होते. पाणी घोट्याला लागलं, पोटरीला लागलं. शेवटचा पिळा बसला आणि फटींतून पाणी आत घुसलं. याने स्वतःच्या हातांनी होडीत दगड ठेवले.

"काय इंजिन," मालक वरून म्हणाला, "होडी घेतलीस की हौद?"

लोक हसले. मालकाला पुरून उरेल असं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. याने माझा हात दाबला आणि निळी कड पाण्याखाली जाईपर्यंत तिथेच उभा राहिला.

मग किती भरत्या आल्या-गेल्या, दर ओहोटीला काका फटींवरून नख फिरवून बघत होते. काकांनी मान डोलावली त्या सकाळी दगड काढले, पाणी उपसलं, इंजिन परत बसवलं. भरतीला होडी उचलली गेली. आम्ही तळाकडे डोळे लावून बसलो. कडेने थोडंसं झिरपलं आणि थांबलं. बराच वेळ पाहिलं, तेवढंच.

मालक तिथेच होता, पण याने एकदाही वर पाहिलं नाही. फासळीवर तळहात ठेवून बसला होता. मग माझ्याकडे वळला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "तू ऐक ना. माझ्या हाताचा भरवसा वाटत नाही."

मी फळीवर आडवी झाले, कान लाकडाला लावला. पाण्याची चुळबुळ होती, दुसरं काही नाही.

"काही नाही वाजत. जा तू."

तो उठला नाही. "आणि बाहेर गेल्यावर वाजलं तर?"

मी धक्क्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. पदर खोचला आणि त्याला म्हटलं, "सोड दोरी."