साडेसात की पंधरा

बोधनकर साहेब पंधरावर अडून बसले होते आणि मी साडेसातवर. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, भावाची घासाघीस चाललीय. ती तर मी रोज करतो आणि सहसा हरत नाही. पण त्या दिवशी सगळं उलटं होतं. गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार आणि दुकानदार घ्यायला तयार नाही.

आकडे केव्हीएचे होते. जनरेटर किती भार ओढू शकतो त्याचं माप म्हणजे केव्हीए. गोविंदपुऱ्यात माझं जनरेटरचं दुकान आहे, मागे वर्कशॉप. सुरुवात दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये डिझेलचे कॅन उचलण्यापासून केली, त्यामुळे इंजिन किती ओढेल हे मला कुणी शिकवलेलं आवडत नाही.

साहेब सरकारी खात्यातून एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. मूळचे नागपूरचे, नोकरीतली बरीच वर्षं शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये काढली. नंतर सीहोरच्या बाजूला एका खेड्यात घर बांधलं. तिथे जरा वारा सुटला की लाइट जाते, आणि परत कधी येईल हे लाइनमनलाही सांगता येत नाही.

"शितोळे, शेजारच्या फार्महाऊसवर पंधराचा आहे," साहेब म्हणाले. "माझं घर त्याच्यापेक्षा मोठं आहे."

"जनरेटर घर ओढत नाही साहेब, घरातलं सामान ओढतो."

माझ्या या हट्टामागे एक जुनं दुखणं आहे. शाहपुऱ्याच्या एका डॉक्टरांनी असाच आग्रह करून फार्महाऊससाठी माझ्याकडून पंचवीसचा सेट नेला. त्यावर चालवले दोन पंखे आणि एक टीव्ही. डिझेल इंजिनाला पुरेसं काम मिळालं नाही तर ते नीट तापत नाही. डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते, सायलेन्सरमधून काळं तेल ठिबकतं. डॉक्टरांनी सगळीकडे सांगितलं की शितोळे जुना माल रंगवून विकतो. त्यांच्याकडे पेशंट पुष्कळ येतात. तेव्हापासून मी कुणालाही गरजेपेक्षा मोठं मशीन देत नाही. यात तत्त्व वगैरे काही नाही, निव्वळ राग आहे.

माझा मेकॅनिक रईस आणि मी साहेबांच्या घरी जाऊन सगळा भार बघून आलो. एक एसी, एक गीझर, फ्रिज, दिवे, पंखे आणि बोअरवेलचा दीड हॉर्सपॉवरचा पंप. यात खरा खादाड पंप. कुठलीही मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीपेक्षा तिप्पट वगैरे करंट ओढते आणि मग शांत होते. तो पहिला धक्का सोसला की जनरेटर जिंकला. म्हणून पंप आधी आणि एकटा सुरू करायचा, बाकीचं मागून. मी मुद्दाम विचारलं, पंप कोण चालू करतं?

"मी. रोज सकाळी, स्वतः जाऊन," साहेब म्हणाले.

मग साडेसात भरपूर झाला, मी म्हटलं. तेव्हा साहेब हसले आणि म्हणाले, "शितोळे, आयुष्यभर मी कॉन्ट्रॅक्टरांची एस्टिमेट कापली. आधी कमी दाखवून नंतर वाढवणारे मला लगेच ओळखू येतात."

माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या बायकोसमोर सांगून बसलो, "साडेसातनं तुमचं घर आणि पंप ओढला नाही, तर त्याच भावात पंधरा आणून बसवतो."

"हे मी ऐकलंय हं, भाऊ," वहिनी म्हणाल्या.

परतताना रईस गाडीत बोटांवर हिशोब मांडत होता. मी काही मूर्खपणा केला की तो असाच हिशोबाला बसतो. दोन मशीनच्या भावातला फरक माझ्या खिशातून जाणार होता. त्याहून वाईट म्हणजे डॉक्टरांच्या जोडीला आता इंजिनिअरही माझं नाव घेत फिरले असते.

ट्रायलच्या दिवशी साहेबांनी शेजारच्या फार्महाऊसवाल्यालाही बोलावलं होतं. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या, वहिनींनी पोहे केले होते. एकूण थाट उद्घाटनाचा होता. आधी नुसतं घर चालवून दाखवायचं, मग ते बंद करून पंप, असा माझा बेत होता. मेन बंद केला, इंजिन सुरू केलं, चेंजओव्हरचा दांडा जनरेटरकडे फिरवला. दिवे लागले, पंखे फिरले, एसी, गीझर, फ्रिज, सगळं चालू. मी साहेबांना काहीतरी लागेलसं बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि इंजिन कण्हलं. दिवे पिवळे पडले. मशीन ट्रिप.

दुसऱ्यांदाही तेच झालं.

"मैंने तो पहले ही बोला था," शेजारी पोहे खात म्हणाला. साहेब मात्र एकदम सौजन्यानं वागायला लागले. पंधराचा सेट साधारण कधीपर्यंत येईल, एवढंच त्यांनी विचारलं. त्यापेक्षा टोमणा मारला असता तर मला परवडलं असतं.

मी रईसवर ओरडलो. फिल्टर बघ, डिझेल बघ. त्यानं सगळं बघितलं आणि म्हणाला, "सेठ, मशीन में कुछ नहीं है." आणखी ओरडायची इच्छा होती, पण तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. मशीन खरंच लहान असतं तर दांडा फिरवताक्षणी बसलं असतं. इथे तर ते सगळं घर ओढत काही सेकंद मजेत चालत होतं. म्हणजे त्यानंतर काहीतरी येऊन चिकटत होतं.

"पंप कुणी चालू केला?" मी विचारलं.

कुणीच नाही, साहेब म्हणाले. त्यांच्याशिवाय पंपाकडे कुणी जातच नाही.

मी घरामागे गेलो, पंपाच्या पेटीसमोर उभा राहिलो आणि रईसला पुन्हा दांडा फिरवायला सांगितलं. काही सेकंद काहीच झालं नाही. मग पेटीतून आपोआप खट्कन आवाज आला, आणि घरापुढे इंजिन पुन्हा बसलं.

खेड्यांत शेतीच्या पंपांना हा ऑटो स्विच सर्रास लावतात. वीज कुठल्याही वेळी येते, तेव्हा ती आली की पंपानं स्वतःच सुरू व्हावं म्हणून. सोय चांगली आहे. पण वीज खांबावरून आली की जनरेटरमधून, हे त्या स्विचला कळत नाही. दांडा फिरला की तो खुशाल पंप चालू करत होता, तेही सगळं घर आधीच चालू असताना.

मी व्हरांड्यात येऊन सांगितलं. साहेब म्हणाले, शक्यच नाही, पंप तर ते स्वतः...

"अहो, थंडीत तुम्हीच नाही का लावून घेतला?" वहिनी म्हणाल्या. "सकाळी बाहेर जायला नको म्हणून. त्यानंतर पंपाकडे फिरकलात तरी का कधी?"

साहेब शेजाऱ्याला पोह्यांचा आग्रह करायला लागले.

ऑटो बंद केला. आधी एकटा पंप लावला. इंजिन एकदा हुंकारलं आणि स्थिर झालं. मग एकेक करून बाकीचं जोडलं. पंप चालू असताना गीझर नको, असं मी सांगितलं, म्हणून वहिनींनी तो आवर्जून लावून बघितला. तोही ओढला. साहेबांनी हात मिळवला आणि शेजाऱ्याला मशीन दाखवायला घेऊन गेले.

दोन आठवड्यांनी त्याच शेजाऱ्याच्या मेव्हण्याचा फोन आला. त्याला साडेसातचा सेट हवा होता, "वही, जो बोधनकर साहब ने कैलकुलेशन करके निकाला है." मग त्याच गावातून आणखी दोन फोन आले. हळूहळू कळलं की तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे, शितोळे पंधराचा सेट गळ्यात मारत होता आणि साहेबांनी हिशोब मांडून त्याला साडेसातवर आणला.

मी साहेबांना फोन लावला. काय काय बोलायचं ते मनात नीट जुळवलं होतं. रिंग वाजायला लागली आणि मी फोन कट केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच लहान मशीन मागणारी गिऱ्हाइकं आपण होऊन येत होती.

घरासाठी जनरेटर घेणार असाल तर तुम्ही काय काय चालू करता याची यादी नंतर करा. तुम्हाला न विचारता काय चालू होतं, ते आधी शोधा. घरमालकाला विचारू नका, घरात जे रोज राबतं त्याला विचारा.

तिसरं गिऱ्हाईक दुकानात आलं तेव्हा त्याला मी स्वतःच सांगितलं की हो, मी पंधरा म्हणत होतो, साहेबांनी माझे डोळे उघडले. भाव मात्र एका रुपयानंही कमी केला नाही.