अर्धी दाढी आणि मोटी पिन

वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांसमोर कांताबाईची चार्जर-केबलची टपरी आहे. शाळा आठवीपर्यंत. पण जळालेले चार्जर फोडफोडून ती जे शिकली, ते बीएस्सी होऊन मला येत नव्हतं. समजावते झकास, फक्त मध्ये बोललेलं तिला चालत नाही.

परवा मी केबल घ्यायला गेले होते. तेवढ्यात गोदामातला बुकिंग क्लार्क विक्की तोंडाला रुमाल बांधून, हातात ट्रिमर आणि चार्जर घेऊन आला.

"मावशी, काल कसला चार्जर देल्ला? माह्या ट्रिमर जाळला त्यानं!"

रुमाल काढला. डावा गाल साफ, उजव्यावर भरघोस दाढी; ट्रिमर अर्ध्यातच बंद पडला होता. पाच वाजता हिंगण्याला मुलगी पाहायला जायचं होतं, तीन वाजून गेले होते आणि सलूनं त्या दिवशी बंद.

"असाच जाय गा," चहा पिणारे देवराव ड्रायव्हर म्हणाले. "पोरीले म्हण, डावीकडूनच पाह्य."

कांताबाईनं तो चार्जर स्वतःच्या फोनला लावला. फोन चार्ज होऊ लागला. ट्रिमरला लावला, दिवा नाही.

"दोन्ही चांगले आहेत. हा नवा चार्जर, केबलच्या दोन्हीकडून सी-पिन. हा असाच करंट सोडत नाही. समोर कोणी आहे का, आधी पाह्यते. 'आहे' सांगणारा बारीक पुर्जा फोनात राह्यते. सस्त्या ट्रिमरात तो टाकतच नाहीत."

"रेझिस्टर ना?" मी विचारलं.

"तुमी काहीही म्हणा, बाई. जुना मोटी पिनवाला, चपट्या यूएसबीचा चार्जर विचारत नाही, पाच व्होल्ट घेऊन उभाच राह्यते. विक्की, कुठं आहे तुह्या जुना?"

"कचऱ्यात टाकला. नव्यावर वॅटचा आकडा मोठा आहे न, मले वाटलं—"

"मधात बोलू नको! आकडा म्हणजे तो किती देऊ शकते ते. घेणारा आपल्यापुरतंच घेते."

तिनं फळीवरचा स्वतःचा जुना चार्जर काढला. केबलची मोटी पिन चार्जरमध्ये, बारीक टोक ट्रिमरमध्ये. लाल दिवा लागला. विक्की एवढ्या जोरात ओरडला की देवरावांचा चहा सांडला.

तासभर तो दिव्याकडे टक लावून बसला. मग देवरावांच्या ट्रकच्या आरशात पाहून दाढी उडवली. आकार द्यायला वेळच नव्हता, सगळीच गेली. दहावीतला पोरगा दिसत होता! तसाच गाडीला किक मारून सुटला.

दुसऱ्या दिवशी हिंगण्याच्या त्या मुलीकडून, रितिकाकडून होकार आला. सोबत अट: फोटोतली दाढी पुन्हा नको.

विक्की हे सांगायला आला तेव्हा कांताबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाची केबल तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग ट्रिमर रोजच लागन गा. हा मोटी पिनवाला चार्जर घेऊन जाय."