ताप निघाला, असं मीच सांगितलं

मोठी आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ती बरी होत असल्याचे पेढे वाटत होते. पुण्यात मी मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटते. त्याच सकाळी गोंदियाहून परतले होते, आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांना सांगत होते, की माझी मोठी आई आता वाचली. फोनवर दिनूदादा, तिचा मुलगा, एवढंच म्हणाला, "सुमे, माय गेली." माझ्या हातात अर्धा पेढा होता. तो कुठे ठेवला, आठवत नाही.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मी सहा महिन्यांची असताना माझी आई वारली, तेव्हापासून चिचगडच्या घरात मी तिचीच. तिची जीभ तिखट. मोहफुलं वेचताना कुणी हटकलं, तर जंगलखात्याच्या साहेबालाही ऐकवायची, "तुया बापानं लावला काय हा मव्हा?" पण मला ताप आला की गप्प व्हायची. आमच्याकडे ताप फार. सातवीत तर इतक्यांदा आला, की शाळा सुटली ती सुटलीच. ती उशाशी बसून माझ्या ओठांकडे बघत राहायची. एखाद्या सकाळी ओठाच्या कडेला बारीक, पाणीदार फोड उठायचे, आणि तिचा आवाज परत यायचा. "निंगला वं ताप! मुतला तोंडावर. आता कायले रडून राहिली?" मग फोडांवर तूप, आणि पातळ पेज. दोन दिवसांत मी अंगणात. हे कधी चुकलं नाही. त्यामुळे आमच्या घरात डॉक्टरपेक्षा त्या फोडांवर भरवसा जास्त.

या वेळी तिला न्यूमोनिया झाला. देवरीहून गोंदियाला हलवलं, आयसीयूत श्वासाच्या मशीनवर ठेवलं. मी आठ दिवसांची रजा काढून धावले. आत एका वेळी एकालाच सोडायचे, तेही थोडा वेळ. तोंडात नळी, हात पट्टीने बांधलेले... जिच्यापुढे कुणाची बोलायची सोय नव्हती, तिला आवाजच उरला नव्हता. मी तिच्या पायाला हात लावून उभी राहायचे. मला काहीच करता येत नाही, हे रोज नव्याने कळायचं.

आठव्या दिवशी नळीशेजारी, तिच्या खालच्या ओठावर फोड दिसले. पाच. मी मोजले. बाहेर पळत आले. "दादा, ताप मुतला!" तो भिंतीला टेकून रडला, मग हसला. "बुढी लय जिद्दी आहे. जाय तू आता, नाही त तुही नोकरी जाईन." तूप लावू का विचारलं, तर नर्सबाई ओरडल्या. आयसीयूतल्या तरुण डॉक्टरबाई मात्र ते फोड बराच वेळ बघत होत्या. कापसाच्या काडीने त्यांनी नमुना घेतला. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, थकल्या असतील. गाडीची वेळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर, विचारायची भीतीही वाटली.

निघताना तिच्या कानाशी म्हटलं, "ताप निंगला वं तुया. मी जाऊन राहिली." तिने डोळे उघडले. बांधलेल्या हाताच्या बोटांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं. जा म्हणतेय, असं मी समजले. एकेक बोट सोडवलं.

तेरवीला गावी आले, ती झाल्यावर गोंदियाला त्या डॉक्टरबाईंकडे गेले. भांडायला नाही. परक्या बाईसाठी त्या इतक्या राबल्या, त्याचे आभार मानायचे होते, आणि एक विचारायचं होतं. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, ते फोड ताप निघाल्याचे नव्हतेच. त्यांचा विषाणू आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. साध्या तापातही उठतो. ताप आपल्या वेळेने उतरतो, आणि आपल्याला वाटतं, फोडांनी उतरवला. पण मशीनवरच्या माणसाचं अंग इतकं थकतं, की विषाणूला दाबून ठेवायची ताकद उरत नाही. नळीतून काढलेल्या कफातही तो सापडला होता. औषध त्याच दिवशी सुरू केलं होतं. "त्याच्यामुळे त्या गेल्या, की त्यांचं अंगच खचलं होतं म्हणून तो उठला, हे मलाही नक्की सांगता येणार नाही."

"मी थांबले असते तर?"

"काही बदललं नसतं," त्या हळूच म्हणाल्या.

धीर द्यायलाच म्हणाल्या. पण तिची बोटं मी सोडवली नसती... एवढं तरी बदललं असतं.

उठता उठता विचारलं, हा अंगात येतो कुठून? त्या म्हणाल्या, "लाळेतून. लहानपणी कुणी मुका घेतला, उष्टं भरवलं... एकदा आला की जन्मभर जात नाही."

मला उष्टं भरवणारं दुसरं होतं कोण? दात यायच्या आधी ती भात स्वतःच्या तोंडात मऊ करून माझ्या तोंडात घालायची, असं शेजारच्या बाया अजून सांगतात. दादाने तिची लुगडी वाटून टाकली, खाट भिंतीला उभी केली. लांब राहते म्हणून माझ्या वाट्याला काहीच आलं नाही, असं मला वाटत होतं. हल्ली पोळ्या लाटताना जीभ नकळत ओठाच्या कडेवरून फिरते. वर काही नाही. आत असेल, झोपलेलं.